सुगंधाला कारण कशाला?

मैत्रिणींनो, चैत्र लागला की आमच्या वऱ्हाडात सकाळी दहालाच डोळ्यांवर हात धरायची वेळ येते. परवा अशाच टळटळीत उन्हात गल्लीतली एक सून माझ्याकडे आली. इथल्याच एका पतसंस्थेत नोकरीला आहे. सोसायटीच्या वर्गणीची पावती द्यायला थांबली होती. मी तिला पन्हं दिलं. ती खुर्चीत टेकली आणि लिंबाची साल नखाने दाबल्यावर येतो ना, तसा एक ताजा, हलका वास आला.

मी आपलं कौतुकाने म्हटलं, "छान वास आहे गं. काय लावलंस?"

तिचा चेहराच उतरला. "काकू, फार येतोय का?" असं म्हणत ती रुमालाने मनगट पुसायला लागली.

मग हळूहळू कळलं. नवऱ्याच्या बहिणीने दिवाळीला कोलोनची बाटली दिली होती. हिवाळाभर तशीच पडून होती. ऊन वाढल्यावर तिने लावायला सुरुवात केली. आंघोळ झाली की मानेमागे एक थेंब, पदराला एक थेंब. त्या दिवशी निघताना सासूबाई दारातच म्हणाल्या, "एवढं घमघमत कुणासाठी निघालीस?" रागावून नाही, सहजच. पण तो प्रश्न तिच्या मागे स्कूटीवर बसून पतसंस्थेपर्यंत गेला, आणि संध्याकाळी माझ्या घरापर्यंतही आला.

"कुणासाठीच नाही हो काकू," ती म्हणाली. "दिवसभर पंखा गरम हवा फेकतो. माणसांची गर्दी. दुपारी तीन वाजता पदर नाकाशी नेला की जरा बरं वाटतं. एवढंच."

ती गेली, पण तिचं 'एवढंच' माझ्यापाशी राहिलं. आपल्याला बरं वाटावं म्हणून केलेल्या दोन थेंबांच्या गोष्टीलासुद्धा बाईला खुलासा द्यावा लागतो. आणि हा खुलासा आजचा नाही. आमच्या घरात तो तीन पिढ्या चालत आला आहे. म्हणून आज हा विषय घेतला.

माझी आत्या आमच्याकडेच राहायची. लग्नानंतर चार वर्षांतच तिच्यावर आभाळ कोसळलं आणि ती माहेरी आली, ती कायमची. घरात तिचा मान होता. आई तिला विचारल्याशिवाय लोणच्याचा खार घालत नसे. "वन्सं, मीठ बघा हो जरा," असं म्हणायची. पण काही गोष्टी आत्याच्या नव्हत्याच. गजरा नव्हता, रंगीत काठ नव्हता आणि अत्तर तर नव्हतंच नव्हतं.

आमच्या घरी एक कोलनवॉटरची बाटली असायची. 'युडीकोलन' म्हणायचे सगळे. माझ्या पिढीतल्या मैत्रिणींना आठवत असेल. कुणाला ताप चढला की वाटीत पाणी घ्यायचं, त्यात ते थोडं ओतायचं, मऊ धोतराचा तुकडा बुडवून कपाळावर घड्या ठेवायच्या. त्या वासाबरोबर कपाळावरचा तो गार हात आठवतो. ही बाटली औषधांच्या कपाटात, टिंक्चर आयोडिन आणि ओव्याच्या अर्काच्या शेजारी उभी असे.

उन्हाळ्यातल्या दुपारी जेवणं उरकली, मागचं आवरून झालं, ओटा धुऊन झाला की आत्या त्या कपाटाशी जायची. रुमालावर चार थेंब घ्यायची आणि माजघरात भिंतीला टेकून डोळे मिटून बसायची. आम्ही मुलांनी गलका केला की आई दटावायची, "हळू रे, वन्सांचं डोकं दुखतंय." मला वाटायचं, बिचारीचं डोकं फार दुखतं. मार्चपासून जूनपर्यंत रोज दुखतं.

आमच्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू मोठं असे. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर बसली की अक्षय्य तृतीयेपर्यंत सोयीचा एक दिवस धरून अख्खी आळी बोलवायची. कैरीची डाळ, पन्हं, भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी, कलिंगडाची कापलेली कमळं. दारात मनगटावर अत्तराचा बोट आणि अंगावर गुलाबपाण्याचा शिडकावा. आणि हे सगळं जिच्या हातचं, ती आत्या मागच्या पडवीत डाळ वाटत बसलेली. पाट्यावरच्या त्या कैरीच्या डाळीची चव गावात दुसऱ्या कुणाच्या हाताला नव्हती. बायका डाळ मागून मागून खायच्या. पण वाटणारीला पुढे कुणी बोलावत नसे, आणि तीही येत नसे.

मी नऊ-दहा वर्षांची असेन. अत्तरदाणी धरायचं काम माझ्याकडे होतं. सगळ्यांना लावून झालं आणि दाणीत थोडं उरलं, म्हणून मी धावत पडवीत गेले. "आत्या, हात कर." आत्याने हात मागे घेतला. पीठ-डाळीचा हात होता म्हणून घेतला असेल असं मला वाटलं. मी म्हटलं, "दुसरा दे." ती हसली आणि म्हणाली, "नको गं, मला त्याने डोकं चढतं."

अत्तराने डोकं चढतं आणि कोलनवॉटरने उतरतं, हे कसं, असा प्रश्न त्या वयात पडला नाही. तो पडायला मला पुढची वीस वर्षं लागली. आत्या थकली होती तेव्हा एकदा तिच्याजवळ बसून मी विचारलं, "आत्या, तुझं डोकं खरंच इतकं दुखायचं का गं?" ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "डोकं कुठलं दुखतंय. वास चांगला होता. औषध होतं म्हणून कुणी काही म्हणत नव्हतं."

एवढं ऐकूनही मी शहाणी झाले असं नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. माझे वडील गेले. दिवस झाल्यावर मी आईचं कपाट आवरायला बसले. आईची मोगऱ्याच्या अत्तराची कुपी होती, एक सेंटची बाटली होती. मी ती उचलून वहिनीसाठी बाजूला ठेवली. कुणी सांगितलं नव्हतं. मी शिकलेली, नोकरी केलेली, सभांमधून बोलणारी बाई. पण हात आपोआप तसा गेला. 'आता आईला काय करायचंय' हे वाक्य मी मनातसुद्धा पूर्ण म्हटलं नव्हतं, तरी ते हाताने केलं.

आई पलंगावर बसून बघत होती. काही बोलली नाही. शेवटी औषधांच्या खणाकडे मी वळले तेव्हा म्हणाली, "ती कोलनची बाटली तेवढी राहू दे. कधीकधी डोकं दुखतं माझं."

मैत्रिणींनो, माझे हात तिथेच थांबले. तेच वाक्य होतं. माजघरातल्या भिंतीला टेकून बसलेल्या आत्याचं. जी आई वर्षानुवर्षं वन्सांच्या डोकेदुखीची राखण करत होती, तिला ते सगळं पहिल्यापासून ठाऊक होतं. आणि आता ते निमित्त तिने स्वतःसाठी मागून घेतलं होतं, आपल्याच मुलीकडून.

मी वहिनीसाठी काढलेलं सगळं जागेवर ठेवलं. पण गेलेला क्षण परत ठेवता येत नाही. पुढच्या वेळी माहेरी जाताना मी एक नवी कोलोनची बाटली घेऊन गेले आणि ती औषधांच्या खणात न ठेवता आरशापाशी, कंगव्याशेजारी ठेवली. आई म्हणाली, "अगं, पहिली संपली नाही अजून." मी म्हटलं, "ते औषध. हे सहज." तिने बाटली हातात घेतली, झाकण उघडलं आणि लावलं. कपाळाला नाही, मनगटाला.

या कोलोनची गोष्ट पुढे वाचली तेव्हा मला गंमत वाटली. कोलोन हे मुळात जर्मनीतल्या ऱ्हाईन नदीकाठच्या शहराचं नाव. तिथे योहान मारिया फरीना नावाचा इटालियन माणूस येऊन स्थायिक झाला. १६८५ साली इटलीत जन्मलेला. फरीना कुटुंबाची पेढी कोलोनमध्ये १७०९ साली सुरू झाली. याने संत्रं, लिंबू आणि बर्गामोट नावाच्या आंबट फळाच्या सालींची तेलं मद्यार्कात मिसळून एक पाणी तयार केलं आणि नव्या गावाचं नाव त्याला दिलं. फ्रेंचमध्ये 'ओ द कोलोन', म्हणजे कोलोनचं पाणी. आपल्या आजीआजोबांचं 'युडीकोलन' ते हेच. भावाला लिहिलेल्या पत्रात त्याने या वासाची तुलना इटलीतल्या वसंतातल्या सकाळीशी आणि पावसानंतरच्या संत्र्याच्या फुलांशी केली होती. परक्या गावी राहिलेल्या माणसाने बाटलीत भरलं ते माहेरच की!

आमच्याकडच्या बायकांना हे लगेच समजेल. वरूड-मोर्शीच्या बाजूला ज्यांचं माहेर आहे, त्यांना आंबिया बहार ठाऊक आहे. जानेवारी-फेब्रुवारीत संत्र्याच्या बागा फुलतात आणि बांधावरून चालताना त्या पांढऱ्या फुलांचा वास अंगभर होतो. कोलोनमध्ये पुष्कळदा घालतात ते 'नेरोली' तेल संत्र्याच्याच भाऊबंदाच्या, कडू संत्र्याच्या फुलांचं. म्हणून एखादीला कोलोन हुंगल्यावर उगाच घर आठवलं तर त्यात उगाच काही नाही.

त्या काळी युरोपातही हे पाणी औषध म्हणूनच खपे. लोक ते अंगाला लावत, आणि पीतसुद्धा. पुढे १८१० साली नेपोलियनच्या राजवटीत फर्मान निघालं की औषध म्हणून विकायचं असेल तर त्यात काय काय आहे ते सरकारला सांगा. कृती गुप्त ठेवायची होती, म्हणून बनवणाऱ्यांनी औषधाचा दावा सोडला आणि ते फक्त अंगाला लावायचं सुगंधी पाणी म्हणून विकायला सुरुवात केली. म्हणजे तिकडे औषधाच्या खणातून ते आरशापाशी आलं. आमच्या घरात मात्र बायकांनी ते आरशापासून उचलून औषधाच्या खणात लपवलं. तिकडे कृती लपवायची होती, इकडे आवड.

आता थोडं कामाचं बोलू, कारण नुसतं गहिवरून उन्हाळा जात नाही.

उन्हाळ्यात असाच आंबट फळांचा वास का बरा वाटतो? कोलोनमध्ये सुगंधी तेलाचं प्रमाण कमी असतं, साधारण दोन ते पाच टक्के. बाकी बहुतेक मद्यार्क आणि थोडं पाणी. मद्यार्क भराभर उडून जातो आणि उडताना त्वचेची उष्णता घेऊन जातो. माठ पाझरतो म्हणून आतलं पाणी गार होतं, त्यातलाच हा प्रकार. लिंबू-संत्र्याच्या सालीतलं तेलही हलकं असतं, पटकन हवेत जातं. म्हणून पहिल्या दहा मिनिटांत तो वास अगदी ताजा येतो आणि तासा-दोन तासांत विरतो. "पैसे फुकट गेले, टिकतच नाही," अशी तक्रार पुष्कळजणी करतात. पण तो त्याचा स्वभाव आहे. ऊद, कस्तुरी, हिना असे जड वास टिकतात खरे, पण ४४-४५ अंशांत, बंद खोलीत किंवा भरलेल्या एसटीत ते अंगावर येतात. आपल्याकडच्या जाणत्यांनी म्हणूनच हिना हिवाळ्यासाठी आणि वाळा, मोगरा, गुलाब उन्हाळ्यासाठी ठेवले होते. कोलोन या उन्हाळी मंडळींतलंच. ते रुमालावर किंवा पदराच्या आतल्या बाजूला लावलं तर अंगापेक्षा जास्त वेळ राहतं. मात्र रेशमी साडीवर आणि जरीवर नको, डाग पडतो. मोत्यांवर आणि पॉलिशच्या दागिन्यांवरही नको. आधी वास, मग दागिने.

घामावर हा उपाय नाही, हेही सांगते. घामाला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. त्वचेवरचे जिवाणू त्यावर काम करतात तेव्हा दुर्गंधी येते. तेव्हा आधी आंघोळ, कोरडं अंग, धुतलेले सुती कपडे आणि मग दोन थेंब. घामट अंगावर कोलोन ओतलं तर दोन्ही वास मिळून तिसराच तयार होतो. नुकतंच वॅक्सिंग केलेल्या किंवा घामोळ्या आलेल्या जागीही लावू नका, चरचरतं.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं, ऊन. लिंबू, बर्गामोट अशा फळांच्या सालीच्या तेलात काही घटक असे असतात की ते त्वचेवर असताना कडक ऊन लागलं तर त्वचा भाजल्यासारखी लाल होते आणि पुढे काळपट डाग महिनोन्‌महिने राहतात. पूर्वी गळ्याला कोलोन लावून उन्हात गेलेल्या बायकांच्या मानेवर ओघळाच्या आकाराचे, लोलकासारखे डाग पडत. डॉक्टरांनी त्या दुखण्याला नावही लोलकावरूनच दिलं. आता चांगले उत्पादक बर्गामोटच्या तेलातून तो घटक काढून टाकतात किंवा त्याचं प्रमाण मर्यादित ठेवतात. तरीही उन्हात स्कूटीवर जायचं असेल तर गळ्याला, चेहऱ्याला, हातावर न लावता कपड्याला किंवा झाकलेल्या जागी लावावं. घरच्या लिंबाचंही तेच. चेहरा उजळावा म्हणून लिंबू चोळण्याचे सल्ले आमच्यासारख्या पुरवण्यांमधूनही कितीदा छापून आले आहेत! लिंबू चोळून उन्हात गेलात तर उजळायचं राहो, डाग पडतील. तो सल्ला विसरून जा.

आणखी एक, आणि हे माझ्या आठवणींच्या विरुद्ध आहे, पण सांगायलाच हवं. लहान मुलांच्या तापावर कोलनवॉटरच्या घड्या आता ठेवू नका. मद्यार्क त्वचेतून आणि श्वासातून मुलाच्या शरीरात जाऊ शकतो. अंग पुसायचं तर कोमट पाणी पुरे, आणि औषध डॉक्टरांना विचारून. बाटली मुलांच्या हाती लागू देऊ नका, पोटात गेलं तर विषबाधा होते. देवघरातल्या निरांजनाजवळ किंवा गॅसच्या शेगडीशी उभं राहून अंगावर शिंपडू नका, ते पेट घेतं. खिडकीतल्या उन्हात ठेवू नका, आंबट फळांची तेलं उष्णतेने बिघडतात, वास टर्पेंटाइनसारखा होतो आणि त्वचेलाही त्रास देतो. आणि ऊन लागून चक्कर आली, अंग तापलं, बोलणं असंबद्ध झालं तर रुमाल हुंगवत बसू नका. सावली, अंगावर पाणी, वारा आणि ताबडतोब दवाखाना.

'आम्हाला कुठे परवडतं हे' असं म्हणणाऱ्या मैत्रिणींसाठी: मुद्दा बाटलीचा नाहीच. माठात वाळ्याची जुडी टाका. कूलरच्या वाळ्याच्या ताट्यांवर पाणी पडलं की घर कसं होतं, हे विदर्भात कुणाला सांगायला नको. संत्र्याची साल बोटांत दुमडून दाबली तरी तुषार उडतात, तेच ते तेल. रुमालाच्या घडीत मोगऱ्याची चार फुलं ठेवली तर दुपारपर्यंत साथ देतात. बाईला दिवसातून एकदा डोळे मिटून खोल श्वास घ्यावासा वाटला, तर त्यासाठी महागडं काही लागत नाही. लागते ती फक्त मोकळीक.

आणि इथेच सगळं अडतं. 'कुणासाठी?' या प्रश्नात एक गृहीत धरलेलं आहे. बाईचा सुगंध नवऱ्यासाठी. नवरा असला तर शोभतो, तोही घरात. तो नसला तर सुगंध कशाला? आणि घराबाहेर निघाली असेल तर मग नक्की कुणासाठी? म्हणजे लग्न झालेली, न झालेली, नवरा गेलेली, नोकरीवर जाणारी, या प्रश्नातून कुणीच सुटत नाही. वाईट हेतू नसलेली माणसंही तो विचारतात. परवाच्या त्या सासूबाईंना मी ओळखते, मायेची बाई आहे. सून आजारी असताना रात्र रात्र जागलेली. त्यांनाही त्यांच्या तरुणपणी दारात कुणीतरी हेच विचारलं असणार, आणि त्यांनी मनगट पुसलं असणार. आपण जे पुसलं ते दुसरीने बिनधास्त लावलेलं बघणं सोपं नसतं. मी स्वतः आईच्या कपाटापुढे काय केलं ते तुम्हाला सांगितलंच. तेव्हा मी कुणाकडे बोट दाखवणार?

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. सुगंध आपल्यासाठी असला तरी हवा सगळ्यांची असते. कुणाला दमा असतो, कुणाची अर्धशिशी उग्र वासाने उठते. एसटीत, बँकेच्या रांगेत, शाळेच्या वर्गात आपल्या वासाने शेजारणीला खिडकी उघडायला लागू नये. शेजारणीने त्रास होतो म्हटलं तर पुसावं, त्यात कमीपणा नाही. पण 'मला त्रास होतो' हे कारण झालं. 'कुणासाठी?' हे कारण नाही, ती हजेरी आहे.

कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये एक ठराव केला. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं या प्रथा गावात बंद करायच्या. त्याच महिन्यात राज्याच्या ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हेरवाडचं अनुकरण करायला सांगितलं. मला त्या गावाचा फार आदर वाटतो. पण माजघरातल्या भिंतीशी बसून रुमाल हुंगणाऱ्या बाईपर्यंत ठराव पोचत नाही. तिला कुणी मनाई केलेली नसते, म्हणून उठवायची मनाईही सापडत नाही. कपाटातल्या अत्तराच्या कुपीचा ठराव ज्याच्या त्याच्या घरातच करावा लागतो. आणि तो हात वर करून नाही, हात पुढे करून.

म्हणून या चैत्रात एवढंच करू या. हळदीकुंकू ज्यांच्याकडे आहे त्यांनी अत्तरदाणी दारापाशीच थांबवू नका. ती स्वयंपाकघरात न्या, मागच्या पडवीत न्या. डाळ वाटणाऱ्या हाताला पहिलं बोट लावा. तिने हात मागे घेतला तर 'राहू दे' म्हणून परत फिरू नका. मी नऊ वर्षांची होते म्हणून फिरले. तुम्ही थोडं थांबा. पुन्हा विचारा. एकदा नको म्हणायची सवय बायकांना इतकी असते की 'हो' म्हणायला दुसरी हाक लागते. आणि खरंच नको असेल तर नको. तेही तिचंच.

सुना-लेकींनो, तुमच्या सासूबाईंना, आईला या उन्हाळ्यात रुमालावर दोन थेंब देऊन बघा. प्रश्न विचारणारी बाई पुष्कळदा त्याच वासाला आसुसलेली असते.

त्या पतसंस्थेतल्या सुनेला मी तेच सांगितलं. ती म्हणाली, "बघते काकू." काय झालं ते अजून कळलं नाही. काल सकाळी मात्र ती स्कूटीवरून गेली तेव्हा मी फाटकातच झाडांना पाणी घालत होते. तिने हात केला. ती वळणावरून पुढे गेली आणि मागे क्षणभर लिंबाच्या सालीचा तो वास राहिला. मग उन्हाने तो नेला.

माझ्या आईची बाटली अजून आरशापाशीच आहे. तिचं डोकं हल्ली दुखत नाही.